एकच कॉर्नर, शटर १/१२५ च्या खाली: रेस फोटोंच्या प्रकल्प नोंदी

२२ जून, पुणे

ठरलं एकदाचं. कधीपासून नुसतं डोक्यात घोळत होतं ते आज लिहून टाकते म्हणजे मागे फिरायला नको. ऑगस्टमध्ये भाचा चेन्नईच्या ट्रॅकवर मोटरसायकल शर्यतीत नोव्हिस, म्हणजे नवशिक्यांच्या, क्लासमध्ये उतरतोय, मी त्याच्याबरोबर जाणार, तीन दिवस एकच कॉर्नर धरून बसणार आणि सेकंदाच्या १/१२५ पेक्षा वेगवान शटर वापरणार नाही. शेवटी बारा फोटो निवडून प्रिंट करायचे. ताईला एकही शर्यत अजून बघवलेली नाहीये, लाईव्ह टायमिंग चालू असलं तरी ती उठून स्वयंपाकघरात जाते, तर त्यातले दोन-तीन तरी तिच्यासाठी.

१/१२५ चं बंधन का ते लिहून ठेवते. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किटवर मोटोजीपी झाली, भारतातली पहिलीच, तेव्हा तिकीट काढून गेले होते. रविवारी मार्को बेझेकी जिंकला, होर्हे मार्टिन दुसरा, क्वार्टारारो तिसरा. मी स्टँडमधून जाळीतून फोटो काढत होते, सगळे १/२००० ला, कारण वेगवान गाडी म्हणजे वेगवान शटर एवढंच माहीत होतं. घरी येऊन बघितलं तर फोटो एकदम शार्प, टायरवरची अक्षरं वाचता येतायत, आणि तरी गाडी कुणीतरी तिरकी करून दोरीनं बांधून ठेवल्यासारखी. त्या गाड्या समोरून गेल्या तेव्हा छातीत धडधडलं होतं, शेजारचा माणूस बोलतोय ते ऐकू येत नव्हतं, आणि त्यातलं फोटोत काहीच उतरलं नव्हतं. ते मला फार लागलं. तेव्हापासून हे डोक्यात आहे.

२९ जून

सकाळी साडेसहाला जंगली महाराज रोड. रविवार, वन-वे रस्ता, सगळी वाहनं एकाच दिशेनं, पॅनिंगच्या (गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढायच्या) सरावाला याच्याइतकी सोयीची जागा नाही. फुटपाथवर झाडाच्या बुंध्याला पाठ लावून उभी राहिले. सायकलवाले, पेपरवाले, पीएमटी, स्कूटर, जे येईल ते.

४१२ फ्रेम. १/१२५ ला बऱ्यापैकी जमले, १/६० ला ३८ बरे आले, १/३० ला फक्त ५. पण ते ५ बघून मी जागच्या जागी थांबले. एक दूधवाला आहे, मागे कॅन लटकवलेत, मागची झाडं-दुकानं सगळी आडव्या रेघा झालीत आणि त्याचा चेहरा स्वच्छ. बिचारा फार तर पंचवीसच्या स्पीडनं चालला होता!

पायांचं कळलं आज. पाय जिथे क्लिक करायचंय तिकडे रोखायचे, मग कमरेतून मागे वळून येणारी गाडी उचलायची आणि शरीर सुटत सुटत सरळ होताना बटण दाबायचं. मी उलटं करत होते, येणाऱ्या गाडीकडे पाय आणि क्लिकच्या वेळी कंबर पिळलेली, मग शेवटच्या क्षणी हात अडकतो. आणि क्लिक झाल्यावरही फिरत राहायचं, थांबायचं नाही, बॅट्समन फॉलो-थ्रू करतो तसं.

६ जुलै

पावसामुळे घरी. गणित मांडत बसले.

ताशी १०० च्या वेगाला गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. १७ इंची चाक, टायर धरून परीघ साधारण १.९ मीटर, म्हणजे सेकंदाला चौदा-पंधरा फेऱ्या. १/२००० ला तेवढ्या वेळात गाडी दीड सेंटिमीटरही सरकत नाही आणि चाक अडीच-तीन अंश फिरतं. अडीच-तीन अंश! मग ॲलॉयच्या दांड्या गोठलेल्याच दिसणार. बुद्धचे फोटो मेले का ते इथे कळलं. १/६० ला गाडी ४६ सेंटिमीटर जाते आणि चाक जवळजवळ पाव फेरी मारतं, दांड्या विरघळून चकती होते.

पण कॉर्नरमध्ये छोट्या गाड्या कुठे १०० ला जातायत. ७० धरलं तर १/६० ला चाक साठेक अंशच फिरतं, म्हणजे तोच परिणाम हवा असेल तर १/४०, १/३० पर्यंत खाली जावं लागणार. हळू कॉर्नरला शटरही हळू. हे उलटं वाटतं पण विचार केला तर सरळ आहे.

१३ जुलै

सामान. माझ्याकडे ७०-२०० ची लेन्स आहे, १००-४०० भाड्यानं सांगून ठेवली. भर उन्हात १/६० म्हणजे आयएसओ १०० ला ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/२० च्या आसपास, अगदी बारीक, जातं, तिथे फोटो एकूणच मऊ, धूसर पडतो आणि सेन्सरवरचा धुळीचा प्रत्येक कण काळा ठिपका होऊन दिसतो. त्यामुळे काळी काच पाहिजेच. ७७ मिमीचा एनडी ८ फिल्टर घेतला, तीन स्टॉप, म्हणजे आठपट, उजेड कमी होतो, एफ/७.१ ला काम होतं. पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) आहेच जुना.

इलेक्ट्रॉनिक शटर बंद. रस्त्यावर करून बघितलं, बसची चाकं अंड्यासारखी आली आणि खांब सगळे वाकडे, कारण सेन्सर वरून खाली ओळीओळीनं वाचला जातो आणि तोपर्यंत कॅमेरा फिरलेला असतो. मेकॅनिकल शटरच.

२७ जुलै

परवानगी आली. हे काम सगळ्यात आधी करायला हवं होतं. आयोजकांना महिनाभर आधी लिहायचं, ओळखपत्र, जुने फोटो, जोखमीच्या कागदावर सही, मग मीडियाचं जॅकेट मिळतं. त्याशिवाय आत जाता येत नाही आणि येऊही नये. भाच्यानं फोनवर नियम वाचून दाखवले. ट्रॅककडे पाठ करायची नाही, बॅरिअरची आड नसेल तर कॉर्नरच्या बाहेरच्या अंगाला उभं राहायचं नाही कारण पडलेली गाडी तिकडेच येते, फ्लॅश नाही, मार्शल (ट्रॅकवर झेंडा घेऊन सुरक्षा बघणारा) सांगेल ते लगेच. शेवटी म्हणाला, "मावशी, तू कानात इअरफोन घालायचे नाहीत हां, गाडीच्या आवाजावरून कळतं काही बिघडलंय ते." लिहून घेतलं.

५ ऑगस्ट

गाडी आज टेम्पोत चढली. चांदणी चौकातून जो हायवे खाली सातारा-कोल्हापूरकडे जातो तोच पुढे बेळगाव, हुबळी, बंगळूर, वेल्लोर करत चेन्नईला जातो, ४८ नंबर, आणि श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक त्याच हायवेला लागून आहे. म्हणजे रोज आपण ज्या रस्त्यानं वारज्याला जातो त्याच रस्त्यावर न वळता जात राहिलं तर ट्रॅक येतो. मला हे कळल्यापासून त्या रस्त्याकडे बघायची नजरच बदलली.

मी आणि ताईचे मिस्टर ट्रेननं. सोलापूर, वाडी, रायचूर, गुंटकल, रेणिगुंटा. बॅग उशाशी घेऊन झोपायचं.

८ ऑगस्ट, ट्रॅक, सराव

लिहायला हात चालत नाहीये पण आजचं आजच लिहिलं पाहिजे.

मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा हा ट्रॅक १९९० चा, ३.७ किलोमीटर, बारा वळणं. त्याआधी शर्यती शोलावरमच्या जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर व्हायच्या. पॅडॉकमध्ये, म्हणजे रायडर आणि गाड्यांच्या आवारात, पाऊल टाकलं आणि पहिली जाणवली ती माणसं. एका शेडखाली पाच-सहा गाड्या स्टँडवर, टायरना गरम ठेवायची ब्लँकेटं गुंडाळलेली, कोपऱ्यात चटईवर एक मेकॅनिक झोपलेला, रात्रभर बसून क्लच बदलला होता म्हणे. कोईमतूरचा एक मुलगा, हुबळीचे दोघे, आमचा हा पुण्याचा. घरून आणलेले डबे, चटणी, भाताची पातेली. टीव्हीवर दिसणारी रेसिंग वेगळी आणि हे वेगळं, आणि मला हे जास्त आवडलं.

कॉर्नर निवडला. पिटपासून लांब, उजवीकडे वळणारा, जोरात ब्रेक मारून यावं लागतं असा. मार्शल अण्णांनी बॅरिअरमागची जागा दाखवली आणि हातानंच रेघ आखली, या रेघेपलीकडे नाही. दिवसभर ते मला अक्का म्हणत होते आणि मी अण्णा, तेवढ्यावर आमचं सगळं भागलं.

दुपारी एक ते चार, ११४० फ्रेम, आणि सगळ्या मऊ. १/६० च्या मऊ असतील तर माझा हात म्हणेन, पण खात्री करायला नियम मोडून १/१००० ला वीस काढल्या त्याही मऊ. डांबरापलीकडचे टायरचे ढीग तर पाण्यात असल्यासारखे हलतायत. आधी वाटलं लेन्स खराब दिली. मग स्विच बघितला तर स्टॅबिलायझर (हाताचा हलका कंप थोपवणारी लेन्समधली सोय) मोड १ वर, पॅनिंगला मोड २ हवा नाहीतर लेन्स आडवी हालचाल पण थांबवायला बघते. तो बदलला. थोडा फरक पडला पण मऊपणा तसाच.

संध्याकाळी साडेपाचला ऊन उतरलं तसे त्याच लेन्सचे, त्याच जागेवरचे फोटो लख्ख आले. तेव्हा उजेड पडला. हवा! तापलेल्या डांबरावरून वर जाणारी गरम हवा, आणि मी ४०० वर सत्तर-ऐंशी मीटर लांबचं काढतेय, मधला सगळा ट्रॅक तव्यासारखा. याला लेन्स, फोकस, काही इलाज नाही. इलाज एकच, अंतर कमी करायचं आणि वेळ बदलायची. ऑगस्टच्या या दिवसांत चेन्नईला दुपारी सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा हेल्मेटखाली नुसता काळोख असतो, तेव्हा तसंही काही मिळणार नाही.

उद्या सकाळी सहाला गेटवर.

९ ऑगस्ट, क्वालिफाइंग आणि पहिली शर्यत

आजचा दिवस वहीत मोठ्या अक्षरात लिहावा असा.

१००-४०० ठेवून दिली, ७०-२०० घेतली आणि मार्शल अण्णांना विचारून कॉर्नरच्या आतल्या बाजूला गेले. दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे चेहरा. रायडर गाडी जिथे आहे तिथे बघतच नाही, मान वळवून कॉर्नरच्या शेवटाकडे बघतो, म्हणजे आतल्या बाजूला. बाहेरून काढलेल्या माझ्या सगळ्या फोटोंत हेल्मेटची पाठ आहे. आत गेल्यावर व्हायझर (हेल्मेटची पुढची काच) सरळ माझ्याकडे. गुडघा खाली, गुडघ्यावरचा प्लास्टिकचा स्लायडर डांबराला घासतोय, खर्र असा आवाज येतो तो आतूनच ऐकू येतो.

दुसरी गोष्ट अंतराची. गाडी गोलात फिरतेय आणि मी साधारण त्या गोलाच्या मध्याकडे, मग गाडी माझ्यापासून सतत तेवढ्याच अंतरावर राहते आणि तिची तीच बाजू मला दिसत राहते. सरळ रस्त्यावर असं नसतं, तिथे गाडी जवळ येते, लांब जाते, आधी तोंड दिसतं मग शेपूट, त्यामुळे १/३० ला हेल्मेट शार्प आलं तर मागचं चाक फिसकटतं. आत उभं राहून १/३० ला पण अख्खी गाडी पुढच्या टायरपासून सायलेन्सरपर्यंत स्वच्छ येतेय आणि मागचं गवत, टायरचे ढीग, बोर्ड सगळं वाहून गेलंय. मी हे कुठे वाचलं नव्हतं, स्क्रीनवर बघितलं आणि मग कागदावर गोल काढून समजून घेतलं.

फोकसचा पॉइंट हेल्मेटवर, फोकस अंगठ्याच्या बटणावर. नंबर प्लेटवर ठेवला तर प्लेट शार्प येते आणि माणूस हरवतो. एवढं ठरवून टाकलं की बाकी काहीही हललेलं चालेल पण डोकं हलता कामा नये.

पोलरायझरनं एक विचित्र प्रकार केला. व्हायझरवरची चमक थोडी कमी झाली हे खरं, पण काही हेल्मेटच्या व्हायझरवर जांभळे-हिरवे पट्टे उमटले, इंद्रधनुष्यासारखे. ते प्लास्टिक वाकवून बनवलेलं असतं, त्यात राहिलेला ताण पोलरायझरमधून रंग होऊन दिसतो. चार फ्रेममध्ये सुंदर दिसतंय, बाकी ठिकाणी नको वाटतं. काढून ठेवला.

दुपारच्या शर्यतीत चौथ्या लॅपला एक मुलगा आमच्याच कॉर्नरला पडला. पुढचं टायर सुटलं, गाडी खालून निघून गेली आणि दोघं घसरत बाहेरच्या खडीत. मी त्यालाच पॅन करत होते, बोट दाबलेलंच होतं, नऊ फ्रेम झाल्या. पिवळे झेंडे हलायला लागले, अण्णा आणि अजून दोघं पळाले. मी कॅमेरा खाली घेतला. मुलगा स्वतः उठला, हात वर केला, चालत बॅरिअरपर्यंत आला. तेवढे दहा-बारा सेकंद फार लांब होते.

ऑगस्ट २०२३ मध्ये ह्याच ट्रॅकवर तेरा वर्षांचा एक मुलगा शर्यतीत पडून गेला. इथे प्रत्येकाला ते माहीत आहे, कुणी बोलत नाही. म्हणून आज नियम केला आणि इथे लिहून ठेवतेय: पडल्याचे फोटो मी कुठेही टाकणार नाही, आधी त्या रायडरला दाखवायचे, तो म्हणेल तसं करायचं, आणि घरच्यांना माझ्या फोटोवरून कळता कामा नये. संध्याकाळी त्या मुलाला पॅडॉकमध्ये शोधून नऊच्या नऊ दाखवल्या. तो शांतपणे एकेक पुढे सरकवत बघत होता, तिसऱ्यावर थांबून म्हणाला, ब्रेक सोडायला उशीर झालाय, बोटं बघा. झूम करून बघितलं, खरंच लिव्हरवर दोन बोटं अजून दाबलेली. त्याला त्या पाठवून दिल्या, माझ्याकडच्या पुसल्या.

१० ऑगस्ट, शेवटचा दिवस

सकाळपासून ढग. नऊ वाजता भुरभुर सुरू झाली आणि सगळं वेळापत्रक पुढे गेलं. मी जॅकेटवर प्लास्टिक चढवून कॉर्नरवर जाऊन बसले, अण्णांनी फ्लास्कमधली कॉफी दिली.

अकराच्या सुमाराला पाऊस थांबला पण आभाळ काळंच. आणि मग लक्षात आलं की मुलांनी व्हायझर बदललेत. दोन दिवस सगळे काळ्या काचा लावून होते, आज अंधारून आलं म्हणून पारदर्शक. पहिला ग्रुप आला आणि मला डोळे दिसले.

एनडीची गरजच नव्हती, आयएसओ १००, एफ/८, १/४०. ओला डांबर काळा चकचकीत, त्यात गाडीचं लाल-निळं प्रतिबिंब, मागे वाहून गेलेली हिरवळ, चाकांच्या चकत्या आणि मधोमध दोन डोळे, विस्फारलेले, पापणी न लवणारे, कॉर्नरच्या शेवटाला चिकटलेले. एकाच्या भुवयांमध्ये आठी. एकाचं ओठ चावणं चिन गार्डच्या वरच्या फटीतून दिसतंय. हे सगळं त्या गोठवलेल्या फोटोंत पण आलं असतं कदाचित, पण मग मागचं सगळंही तेवढंच स्पष्ट आलं असतं आणि डोळ्यांकडे कुणी बघितलं नसतं.

भाचा सातव्या लॅपला माझ्यासमोरून गेला तेव्हा त्याच्या आत एक गाडी घुसायला बघत होती. ती फ्रेम १/३० ची. त्याचं हेल्मेट शार्प, दुसऱ्याचं नाही, दोघांचे गुडघे जवळजवळ लागलेले. तो अकरावा आला. मागच्या वेळी सतरावा होता. पॅडॉकमध्ये हेल्मेट काढल्या काढल्या पाणी पिता पिता त्यानं हाताची बोटं दाखवली, आधी दहा मग एक, आणि त्याच्या बाबांनी तोंड फिरवून टॉवेल शोधायला सुरुवात केली.

१७ ऑगस्ट, पुणे

आठवडा छाटणीत गेला. तीन दिवसांच्या ३८६० फ्रेम. पहिल्या चाळणीत नियम एक, हेल्मेट शार्प नसेल तर गेली, कितीही आवडली तरी. उरल्या २१४. दुसऱ्या चाळणीत एकसारख्या काढल्या, ६१. मग ६१ छोट्या प्रिंट काढून जमिनीवर पसरल्या, स्क्रीनवर बघून ठरत नाही.

१/१२५ चे जवळजवळ सगळे बाद झाले हे मला अपेक्षित नव्हतं. ते चांगले आहेत पण १/४० च्या शेजारी ठेवले की निजल्यासारखे दिसतात. बारातले नऊ १/४० किंवा त्याखालचे. एक १/१५ चा आहे, हेल्मेटही थोडं हललंय, नियमात बसत नाही, तरी ठेवला कारण त्या मुलाच्या मानेचा कल इतका नेमका आहे. एक नियम एकदा मोडायला मन तयार झालं.

एडिटिंग फार नाही. सरळ केलेलं क्षितिज पुन्हा वाकडं केलं दोन ठिकाणी, कारण ट्रॅकच तिथे तिरका आहे आणि सरळ केल्यावर गाडी कमी झुकलेली दिसत होती, ते खोटं झालं असतं. बोर्ड, केबल, मार्शलची छत्री, काहीही पुसलेलं नाही.

पॅडॉकमधल्या सगळ्या मुलांना त्यांचे त्यांचे फोटो पाठवले, पैसे घेतले नाहीत. कोईमतूरच्या मुलाच्या वडिलांनी उलट फोन केला, भाषा दोघांना धड येईना, तरी पाच मिनिटं बोललो.

३० ऑगस्ट

प्रिंट आले. १२ बाय १८, मॅट कागद. ग्लॉसीवर ओला ट्रॅक जास्त चमकेल असं लॅबवाले म्हणाले होते, नमुना काढून बघितला तर खोलीतल्या ट्यूबलाईटचीच चमक दिसायला लागली, मॅटच बरा.

संध्याकाळी ताईकडे घेऊन गेले. तिनं चष्मा लावला, सोफ्यावर एकेक मांडीवर घेऊन बघितला. १/३० चा तो दोन गाड्यांचा आला तेव्हा बराच वेळ धरून बसली. मग त्याच्या डोळ्यांवर बोट ठेवून विचारलं, "हा एवढा कुठे बघतोय गं?"

भाचा आतून म्हणाला, "आई, कॉर्नर जिथे संपतो तिथे."

"आणि हा बाजूचा एवढा चिकटलाय, तो दिसत नाही का तुला?"

"त्याच्याकडे बघितलं तर त्याच्यावरच जाईन ना."

ती काही बोलली नाही, प्रिंट परत बघितला. तो एक आणि कॉफी देणाऱ्या अण्णांचा एक, असे दोन तिनं ठेवून घेतले. अण्णांचा कशाला विचारलं तर म्हणाली, हा माणूस तिथे असतो ना रोज, झेंडा घेऊन.

पुढच्या राउंडसाठी: रेन कव्हर चांगलं घ्यायचं, प्लास्टिकची पिशवी आवाज करते. एनडी ४ पण हवा, ढगाळ उन्हात ८ जास्त होतो. अण्णांना त्यांची प्रिंट द्यायची. ताईचं तिकीट विचारायचं.